दुसऱ्या उताराचा ब्रेक

४ ऑगस्ट, रविवार

आई म्हणाली, "ताटल्या आपटण्यापेक्षा कागदावर आपट काय ते." म्हणून ही वही. ताटली एकच फुटली होती आणि तीही आधीच तडकलेली होती. पण कॉलेज सोडून आल्यापासून माझ्या हातून जे जे फुटलं ते सगळं आईला तोंडपाठ आहे, आणि प्रोफेसरांशी माझं जे फुटलं ते ती यादीत सर्वांत वर ठेवते.

त्याबद्दल एकदाच लिहितो आणि विषय संपवतो. मी पुलाचा आराखडा काढला होता. प्रोफेसर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "चोंगोर, तुझा पूल छान उभा राहील. फक्त त्यावरून कुणी जाऊ नये." मी आराखडा फाडला, त्यांच्या टेबलावर ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी आलो. संपला विषय.

आता मी लाटगाडीवर ब्रेकवाला आहे. बाहेरचे लोक तिला रोलर कोस्टर म्हणतात. आमच्या गावात तिसा नदीकाठच्या बागेत ती माझ्या आजोबांच्या आधीपासून उभी आहे, सगळी लाकडाची, आणि तिला लाटगाडीच म्हणतात. दोन गाड्या आहेत, हिरवी आणि लाल. प्रत्येक गाडीच्या मधोमध उंच बाकावर आमच्यासारखा एक माणूस लोकांबरोबर बसून जातो आणि लोखंडी दांडा दाबून वेग सांभाळतो. कमी दाबला तर टेकाडावर गाडी रुळावरून उचलल्यासारखी होते. जास्त दाबला तर ती पुढचं टेकाड चढत नाही, तळाशीच मागेपुढे झोके घेऊन गप्प बसते. त्याला आम्ही 'गाडी बुडाली' म्हणतो.

हिरवी देझोकाकांची. लाल माझी. काकांनी एकतीस वर्षांत एकदाही गाडी बुडवलेली नाही, पण त्यांची गाडी म्हणजे प्रेतयात्रा. दुसऱ्या उतारावर तर असे दांड्यावर रेलतात की खालच्या तळातून गाडी चोरपावलांनी जाते. मला रोज 'दाब' म्हणतात, पण मी तिथे मुळीच दाबत नाही. पोरं माझ्या गाडीसाठी थांबतात.

तिकिटाच्या खिडकीत एनिको होती. काकांची नात. निळा रुमाल बांधला होता. एवढंच.

७ ऑगस्ट, बुधवार

एवढंच नाही. लिहायचंच तर खरं लिहावं. ही मुलगी मला वेड लावणार आहे.

आज दुपारी माझी गाडी अर्धी रिकामी, आणि ही खिडकीतून लोकांना सांगते, "लाल भरली. हिरवीत बसा."

मी खाली उतरून गेलो. "भरली कुठे? डोळे आहेत ना?"

"माझ्या हिशेबानं भरली."

"आजोबांची बाजू घेतेस."

"घेते." मग तिनं मान वर केली. "दुसऱ्यावर दाबलास का?"

रोज हाच प्रश्न. सकाळी नमस्कार नाही, चमत्कार नाही, दुसऱ्यावर दाबलास का. मी म्हटलं, "ब्रेक म्हाताऱ्यांसाठी असतो." तिनं खिडकीची काच लावून घेतली. बोट चेंगरता चेंगरता वाचलं माझं.

आई आपल्या लांगोशच्या, म्हणजे लसूण लावलेल्या तळलेल्या रोटीच्या, टपरीतून सगळं बघत होती. कढईत पीठ सोडता सोडता म्हणाली, "तुझं कॉलेजमध्येसुद्धा असंच चालायचं का रे?"

११ ऑगस्ट, रविवार

कलिंगड घेऊन काकांच्या घरी गेलो. निमित्त काकांचं. एनिको दारात कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "आमच्याकडे कलिंगड आहे." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "दोन असली तरी चालतील."

काका स्वयंपाकघरात स्टुलावर बसून अकेशियाच्या लाकडाचे तुकडे तासत होते. एका बाजूला जाड, एका बाजूला निमुळते, एकसारखे. टोपलीभर झाले होते. म्हटलं, "चुलीत घालायला एवढं नीट कोण तासतं, काका?" ते हसले. एनिको मात्र हसली नाही. टोपली उचलून आत ठेवून आली.

म्हाताऱ्यांच्या सवयी. रोज पहाटे, बाग उघडायच्या आधी, ते दुसऱ्या उताराच्या तळाशी उतरतात आणि ठोकठोक करत बसतात. वर येतात तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. नदी जवळ असल्यानं तिथे बारा महिने ओल असते. मी एकदा विचारलं, मी येऊ का? म्हणाले, "तू झोप. तुला वाढायचंय."

कलिंगड खाताना गाडी बुडवण्यावरून मला चिडवणं झालं. मी पहिल्याच महिन्यात तीनदा बुडवली होती. आमच्याकडे जुना रिवाज आहे: ज्यानं गाडी बुडवली त्यानं, बरोबर जे बुडाले आणि ज्यांनी ढकलली त्या सगळ्यांना लांगोश खायला घालायचा. आणि तो खाऊन होईपर्यंत कुणी कुणावर रागवायचं नाही. तोंडाला लसूण आणि मनात राग, दोन्ही एकदम चालत नाही म्हणे. तिसऱ्या वेळी आई म्हणाली होती, "अजून एकदा बुडवलीस तर मी दुसऱ्या गावी टपरी टाकते."

"काका, तुमच्या हातचा लांगोश कधी मिळायचा?" मी म्हटलं.

"माझी गाडी बुडाली की."

"म्हणजे कधीच नाही."

"तसंच बघायचं," ते म्हणाले.

घरी येताना ठरवलं. १५ सप्टेंबरला एनिकोचा नामदिवस, म्हणजे तिच्या नावाचा दिवस, आमच्याकडे तो वाढदिवसासारखाच करतात. त्या दिवशी तिला माझ्या शेजारी ब्रेकच्या बाकावर बसवायचं आणि वरच्या टोकाला, गाडीला वर ओढणारी साखळी सुटते तिथे, लग्नाचं विचारायचं. तिथे नाही म्हणायला वेळच मिळत नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

चाचपणी केली.

"एकदा बस ना लाल गाडीत."

"मी बसत नाही."

"हिरवीत?"

"त्यातही नाही."

"लाटगाडीवाल्याची नात आणि लाटगाडीत बसत नाही? घाबरतेस?"

"हो," ती म्हणाली. सरळ. नजर न चुकवता.

मुली असं म्हणतात. नामदिवसापर्यंत वेळ आहे.

२० ऑगस्ट, मंगळवार

सणाचा दिवस. सगळा गाव नदीकाठी लोटला होता. किती फेऱ्या मारल्या कुणास ठाऊक, हात भरून आले आहेत. दुपारी सेगेदहून आलेल्या तीन मुली पुढच्या बाकावर बसल्या. सारख्या मागे वळून, "अजून जोरात जाते का हो?" मी म्हटलं, बघाच.

दुसऱ्या उतारावर दांड्याला हातसुद्धा लावला नाही. तळाशी गाडी एकदम खाली बसल्यासारखी झाली आणि खालून 'ठक' असा आवाज आला, जाड आवंढा गिळावा तसा. मग वर उसळली. मुलींनी किंचाळून टाळ्या वाजवल्या. या आवाजाचंही तिकीट लावायला हवं.

परत आलो तर एनिको खिडकी सोडून फलाटाच्या कठड्याशी उभी होती. चेहरा पांढराफटक. रांग तशीच सोडलेली. मला वाटलं काही बोलेल, पण माझ्याकडे नुसतं बघितलं, मग त्या मुलींकडे, आणि आत निघून गेली.

म्हणजे तिला फरक पडतो. त्या तिघी पुढच्या बाकावर बसल्या तर तिला फरक पडतो. रात्रीची आतषबाजी मला फारशी आठवत नाही, मी मनातल्या मनात हसत होतो.

२१ ऑगस्ट, बुधवार

हसू टिकलं नाही. ब्रेकचं तेल आणायला ऑफिसात गेलो तर एनिको फोनवर होती. पाठमोरी, आवाज दाबून. मला बघताच ठेवून दिला.

"कोण होतं?"

"मावशी."

"तुला मावशी आहे?"

"आता आहे."

मग दारात थांबून म्हणाली, "चोंगोर, तू परत कॉलेजला कधी जाणार?"

म्हणजे मी जावं असं हिला वाटतं. कालचं ते सगळं मी स्वतःच रचलं होतं का? विचारलं तर ऐकावं लागेल, म्हणून विचारलं नाही. तेलाचा डबा पायरीवर सांडला. आईच्या यादीत आणखी एक.

२६ ऑगस्ट, सोमवार

मावशीला मिशा आहेत. तपकिरी कोट आहे. बुडापेस्टचा आहे.

आज बागेला सुट्टी. चौकातल्या मिठाईच्या दुकानासमोरून जात होतो, तर खिडकीपाशी एनिको आणि हा माणूस. वय चाळीसच्या पुढे, अंगठी नाही, मी नीट बघितलं. ती कागदी रुमालावर काहीतरी काढून दाखवत होती आणि तो मान डोलावत होता. मग त्यानं तिच्या हातातून पेन घेतलं आणि तिच्या चित्रावर स्वतः काहीतरी काढलं. मी तीन वर्षं हिला ओळखतो. माझ्यासाठी हिनं कधी रुमालावर रेघही ओढली नाही.

मी आत गेलो नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आईला ते पटणार नाही.

२८ ऑगस्ट, बुधवार

तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती आता शांत आहे. सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी तो माणूस बागेत आला. खिडकीतून एनिकोनं त्याला हिरव्या गाडीचं तिकीट दिलं. काकांच्या गाडीतून फिरून आला, उतरला आणि सरळ माझ्याकडे. "केलेमेन," हात पुढे करून म्हणाला. "मला लाल गाडीतूनही जायचंय. पण एक विनंती, इतर लोक नकोत. आपण दोघंच."

एनिको खिडकीतून ओरडली, "साहेब, लाल नको." साहेब म्हणे. काळजी बघा.

मी म्हटलं, "या साहेब, बसा. पण रिकामी गाडी मी नेत नाही." बंदुकीनं फुगे फोडायच्या शूटिंगच्या टपरीवाल्याला आणि त्याच्या चार गिऱ्हाइकांना हाका मारून बसवलं. बुडवायची तर ढकलायला माणसं लागतात.

हो, मी ठरवूनच बुडवली. दुसऱ्या उतारावर दांडा असा दाबला की काकांनाही लाज वाटावी. गाडी तळाशी गेली, पुढचं टेकाड अर्ध्यावर चढली, मागे आली, पुन्हा गेली, आणि थांबली. बरोबर चिखलाच्या वर. साहेबांचे बूट चकचकीत होते.

"उतरा साहेब. इथे सगळे ढकलतात."

माणूस लबाड निघाला. सगळे ढकलायला लागले आणि हा फळीवरून खाली चिखलात उतरून, खांबाशी उकिडवा बसून, खिशातला चाकू काढून लाकडाशी खेळत बसला. इकडे टोच, तिकडे टोच. शूटिंगवाला म्हणाला, "त्याचं नाव कोरतोय वाटतं." आम्ही घामाघूम झालो, वरून दोर ओढून गाडी टेकाडावर घातली, तरी हा खालीच. वर आला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, अगदी काकांसारखी.

रिवाजाप्रमाणे सगळ्यांना लांगोश दिला. आईनं माझ्याकडे न बघता तळले. साहेबांनी दोन खाल्ले, आंबट साय घालून, आणि निघताना मला काय म्हणावं? "तुम्ही तिथे थांबवलीत ते फार बरं झालं. ऑफिसवाले मला खाली उतरू देत नव्हते."

टोमणा. सरळ सरळ टोमणा. पण लांगोश हातात होता, रागावता येईना.

काका संध्याकाळी हिरव्या गाडीचा बाक पुसत होते, पुसलेलाच पुन्हा पुसत होते.

३ सप्टेंबर, मंगळवार

लाटगाडी बंद.

फाटकावर कागद लावला आहे. तपासणीत दुसऱ्या उताराखालचा आधार असुरक्षित आढळला, तात्काळ प्रवेश बंद, इत्यादी. खाली सही: इंजिनिअर केलेमेन.

कागदासमोर अर्धा गाव उभा होता. एक आजीबाई म्हणाल्या, "मी हिच्यात बसूनच लग्नाला हो म्हटलं होतं." दुसरी म्हणाली, "तरीच." कुणी हसलं नाही.

म्हणजे तो तिचा कुणी नव्हता. हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, एक क्षणभर, आणि त्याची मला लाज वाटते.

मग प्रश्न उरतो. बुडापेस्टच्या माणसाला आमच्या गावातली लाटगाडी स्वप्नात दिसली नसणार. कुणीतरी बोलावलं. कुणीतरी चुगली केली.

४ सप्टेंबर, बुधवार

शूटिंगवाल्याची कॉलर धरली. सगळ्या बागेसमोर. त्यानं शांतपणे माझी बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणाला, "अरे बैला, तुझ्या गाडीची रांग उभी असते म्हणून कंटाळून लोक माझ्याकडे फुगे फोडतात. मी कशाला माझ्या पोटावर पाय देऊ?"

हे खरं आहे. तरीही मी तिथेच, फवाऱ्याच्या कठड्यावर चढून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं: ज्यानं कुणी फोन केला असेल त्याच्याशी मी जन्मात एक शब्द बोलणार नाही. माझ्या आजोबांच्या आणि लाटगाडीच्या नावानं शपथ.

टाळ्या पडल्या नाहीत. आई टपरीतून म्हणाली, "खाली उतर, फवारा सुरू करायचाय त्यांना."

एनिको रिकाम्या खिडकीत बसून होती. विकायला तिकिटं नाहीत तरी येऊन बसते. मी जवळ गेलो, म्हटलं, "तू काळजी करू नकोस, मी शोधून काढीन त्याला." ती म्हणाली, "जन्मात नाही?" मी म्हटलं, "जन्मात." तिनं मान हलवली आणि तिकिटांचा गठ्ठा उगाच नीट करत बसली. तिला किती लागलंय हे मला दिसलं. आजोबांची गाडी आहे.

काकांना वाटेत गाठलं. म्हातारा रडेल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "आज झोप लागेल." आतलं दुःख माणूस असं लपवतो.

८ सप्टेंबर, रविवार

मला वाटलं, खांबच बदलायचा ना? मी बदलून दाखवतो. करवत, पहार, दोन नवे वासे घेऊन सकाळीच दुसऱ्या तळाशी उतरलो. साहेबांच्या चाकूनं टोचलेल्या जागा दिसल्या. म्हटलं बघू, आणि पहिल्या खांबावर अंगठा दाबला.

अंगठा आत गेला. ताज्या पावात जातो तसा, मुळापर्यंत.

दुसऱ्या खांबात गेला. तिसऱ्यात गेला. चौथ्याला मी हात लावला नाही.

मग पाचरी दिसल्या. प्रत्येक खांबाच्या आणि आडव्या वाशाच्या मध्ये, एकावर एक ठोकलेल्या. वरच्या पिवळ्या, ताज्या, काकांच्या स्वयंपाकघरातल्या टोपलीतल्या. त्याखाली तपकिरी. त्याखाली राखाडी, आणि तळाला काळ्या पडून लाकडातच विरघळलेल्या. वर्षानुवर्षांच्या. सगळा दुसरा उतार त्या म्हाताऱ्याच्या पाचरींवर उभा होता.

चिखलातच बसलो. कॉलेजमधलं ते वाक्य आठवलं. फक्त त्यावरून कुणी जाऊ नये. वीस ऑगस्टचा तो 'ठक' आठवला. सेगेदच्या त्या तीन मुली, मागे वळून हसणाऱ्या. त्यांची नावंही मला माहीत नाहीत.

तसाच काकांच्या घरी गेलो, चिखलाच्या पायांनी. ते अंगणात मिरच्यांच्या माळा बांधत होते.

"तुम्हाला माहीत होतं."

"बस."

"बसणार नाही. माहीत होतं ना?"

"म्हणून तर दाबत होतो."

"आणि मी? मी तर दाबत नव्हतो. मी रोज..."

"तुला रोज सांगत होतो, दाब म्हणून."

"का ते सांगायचं होतं."

त्यांनी मिरची हातात धरली, देठाशी फिरवली. "का ते सांगितलं असतं तर तू ऑफिसात जाऊन टेबल उलटं केलं असतंस, आणि गाडी बंद झाली असती. मला ती बंद नको होती, चोंगोर. एवढंच आहे ते. दुसरं काही कारण नाही. मला वाटत होतं, मी आहे तोवर पाचरी आहेत." मग ती मिरची माळेत ओवून, "चुकलं माझं. घरात मला ते रोज ऐकवणारं माणूस होतं. मी ऐकलं नाही. म्हणूनच तर मग..."

"म्हणूनच तर मग काय?"

"काही नाही. पाय धू. एनिको येईल, फरशी पुसलीय तिनं."

ते अर्धवट का सोडलं ते कळलं नाही. मी पाय न धुताच निघालो.

९ सप्टेंबर, सोमवार

त्या 'ठक'चा आवाज दिवसभर कानात आहे.

चुगलखोराबद्दलचं माझं मत काय आहे ते आज मला नक्की सांगता येणार नाही. पण शपथ ती शपथ. सगळ्या गावानं ऐकली आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

कॉलेजला फोन केला. प्रोफेसर स्वतःच बोलले. मी म्हटलं, "सर, मी चोंगोर." म्हणाले, "पूलवाला?" मी म्हटलं, "हो. तुम्ही बरोबर होतात की नाही माहीत नाही, पण मला लाकडाबद्दल शिकायचंय. ते आतून कसं जातं ते." मग म्हणाले, "सोमवारी या. आराखडा चिकटवून ठेवलाय मी."

आईला सांगितलं. तिनं फक्त "सोमवारी सकाळच्या गाडीला गर्दी असते" म्हटलं, आणि माझे सगळे शर्ट धुवायला काढले, स्वच्छ होते तेसुद्धा.

१५ सप्टेंबर, रविवार

पाच शेवंतीची फुलं घेतली. गाडी नाही, वरचं टोक नाही, पण नामदिवस तो नामदिवस.

आज हिरवी गाडी हातानं ढकलून शेडमध्ये न्यायची होती. लाल आधीच गेली आहे. फलाटापासून शेडपर्यंतचा मार्ग भक्कम आहे, मध्ये एकच बुटकं टेकाड आणि त्यापुढे उथळ खळगा. साहेबांनी लेखी परवानगी दिली होती: रिकामी, हातानं, सावकाश. बागेतले सगळे आले होते. शूटिंगवालाही आला, माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, "आज कॉलर नको धरूस, इस्त्री केलीय."

ढकलायच्या गाडीला ब्रेकवाला लागत नाही. तरी काका इस्त्रीचा शर्ट घालून मधल्या बाकावर जाऊन बसले.

एनिको आली आणि माझ्या शेजारी मागच्या फळीला हात लावला. मी फुलं गाडीच्या मागच्या बाकावर ठेवली होती. तिनं बघितली.

"कुणाला?"

"नामदिवस कुणाचा आहे?"

ढकलायला सुरुवात झाली. लाकूड कुरकुरत होतं. चार पावलांनंतर ती म्हणाली, समोर बघतच, हळू, "ती फुलं द्यायच्या आधी एक ऐक. मी फोन केला होता."

"मावशीला?"

"मावशीला." मग म्हणाली, "वीस तारखेला तो आवाज फलाटापर्यंत आला. आजोबांना दोन वर्षं सांगून थकले होते. तू तर ऐकायच्याच पलीकडे. दर फेरीला मी मोजायचे, साखळी, पहिला, दुसरा. दुसऱ्यानंतर तू वर दिसलास की मग पुढचं तिकीट फाडायचे." हात तसाच फळीवर होता. "आता बोलू नकोस. तुझी शपथ आहे, मला माहीत आहे. मी आधीच ठरवलं होतं की चालेल."

मी बोललो नाही. शपथ होती. गाडी बुटक्या टेकाडावर चढवली, तिचा हात माझ्या हातापासून चार बोटांवर, आणि मी ढकलत राहिलो आणि मला वाटत राहिलं, शेड येईल, फुलं बाकावर राहतील, उद्या सकाळची गाडी. सगळ्या गावानं ऐकली आहे ती शपथ. फवाऱ्यावर चढून घेतली होती मी.

काकांनी एकदा मागे वळून आमच्याकडे बघितलं.

टेकाडावरून गाडी सुटली, उथळ खळग्यात उतरली, आणि कर्रर्र करून जागच्या जागी थांबली. मागून ढकलणारे सगळे एकमेकांवर आदळलो. शूटिंगवाला माझ्या पाठीवर, मी एनिकोवर, एनिको फळीवर.

काका दांड्यावर रेलले होते. दोन्ही हातांनी. वळून, अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बुडाली."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा. आणि तेही ढकलायच्या गाडीला, माणसाच्या चालीनं. शेवटच्या दिवशी म्हाताऱ्याचा हात चुकला, मला फार वाईट वाटलं त्यांच्यासाठी.

"रिवाज आहे," काका म्हणाले. "चला. माझ्याकडून."

सगळे टपरीवर गेले. आईची कढई तापलेली होती, पीठ फुगून वर आलेलं, लसणाचं पाणी वाटीत तयार. बंद बागेत, रविवारी, तिला कसं सुचलं कुणास ठाऊक.

तिनं लांगोश कागदावर ठेवून माझ्या हातात दिला, एकच. "पीठ पुरायचं नाही," म्हणाली. "दोघांत एक घ्या." पातेलं काठोकाठ भरलेलं मला दिसत होतं, पण आज कुणाशीच वाद घालायची ताकद नव्हती.

एनिको बाजूला उभी होती, फुलं हातात घेऊन. ती तिनं कधी उचलली मी बघितलं नाही. खाली बघत होती.

रिवाज शपथेपेक्षा जुना आहे. मी लांगोश मधोमध फाडला. गरम होता, बोटं भाजली.

"लसूण?" मी तिला विचारलं.